मौलवी अब्दुल हक : एका जुन्या पेटीतून उभी राहिलेली अंजुमन

१६ ऑगस्ट हा बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांचा स्मृतिदिन. १९६१ मध्ये याच तारखेला कराचीत त्यांचं निधन झालं. आपल्या उर्दू शाळांमध्ये मौलवी साहेबांचं नाव एका धड्यापुरतं येतं आणि परीक्षेबरोबर विसरलं जातं. त्यांच्या उमेदीची वर्षं आपल्या मराठवाड्यात गेली, हे मराठवाड्यातल्याच मुलांना माहीत नसतं. मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तर त्यांचं नावही ऐकलेलं नसतं.

आज त्यांच्याबद्दल लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. काही दिवसांपूर्वी धर्माबादमधली चार-पाच तरुण मुलं माझ्याकडे आली. मोहल्ल्यात वाचनालय काढायचं आहे, सर, ग्रँट कुठून मिळेल, फॉर्म कुठे भरायचा, असं विचारत होती. मला बरं वाटलं. पण नावनोंदणी, पुस्तकं, जागा यांतलं काय तयार आहे, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ग्रँट आल्यावर बघू, असं उत्तर मिळालं. मुलं गेली आणि मला मौलवी साहेबांची आठवण झाली. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि तो त्यांनी उलट्या बाजूने सोडवला होता.

हापूडहून हैदराबादला

अब्दुल हक यांचा जन्म १८७० चा, उत्तर प्रदेशातल्या हापूड परिसरातला. हा भाग तेव्हा मेरठ जिल्ह्यात होता. पुढचं शिक्षण अलीगढला झालं. सर सय्यद अहमद खान यांनी उभं केलेलं ते कॉलेज तेव्हा भरात होतं. प्रोफेसर थॉमस आर्नल्ड आणि मौलाना शिबली नोमानी तिथे शिकवत होते. खुद्द सर सय्यद हयात होते. एका माणसाने लोकांच्या दारोदार जाऊन चंदा गोळा करून केवढी मोठी संस्था उभी केली, हे या तरुणाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. १८९४ मध्ये ते बी.ए. झाले.

त्या काळी उत्तरेतल्या शिकलेल्या मुस्लिम तरुणांसाठी हैदराबाद संस्थान ही नोकरीची मोठी जागा होती. अब्दुल हकही तिथे आले आणि मदरसा आसफियाचे मुख्याध्यापक झाले. पुढे शिक्षण खात्यात शाळा तपासनीसाच्या पदावर त्यांची नेमणूक झाली आणि त्यांचा मुक्काम औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आला. तेव्हा नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे निजामाच्या राज्यातच होते आणि आपलं धर्माबादही. आपल्या स्टेशनवरून मनमाडकडे जाणारी जी रेल्वे लाईन आहे, तीच हैदराबादला औरंगाबादशी जोडत होती.

शाळा तपासनीस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तो शेरे मारणारा साहेब. मौलवी साहेब मात्र मनाने मास्तरच राहिले. मुलांच्या हातात वाचायला काय आहे, मास्तरांच्या हातात शिकवायला काय आहे, ही त्यांची काळजी. उर्दूत शास्त्राची पुस्तकं जवळजवळ नव्हती, व्याकरणाची नीट मांडणी नव्हती, इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूत बघायला धड शब्दकोश नव्हता. त्यांनी उर्दूचं व्याकरण, ‘कवायद-ए-उर्दू’, स्वतः लिहिलं.

एक पेटी आणि एक रजिस्टर

१९०३ मध्ये मुस्लिम शैक्षणिक परिषदेची एक शाखा म्हणून अंजुमन तरक्की-ए-उर्दू सुरू झाली होती. पहिले अध्यक्ष प्रोफेसर आर्नल्ड, पहिले सचिव मौलाना शिबली. नावं एवढी मोठी असूनही काम फारसं पुढे गेलं नाही. नऊ वर्षांत सचिव बदलत गेले. १९१२ मध्ये ही जबाबदारी अब्दुल हक यांच्याकडे आली. तेव्हा त्यांच्या ताब्यात काय आलं, तर एक जुनी पेटी, तिच्यात एक रजिस्टर आणि थोडे कागद, असं सांगतात. खजिना नाही, इमारत नाही, पगारी माणूस नाही.

त्यांनी ती पेटी औरंगाबादला आणली. १९१३ पासून अंजुमनचं दप्तर औरंगाबादला आलं आणि पुढे जवळपास २५ वर्षं तिथेच राहिलं. दिल्ली, लखनौ, अलीगढ यांसारखी उर्दूची मोठी शहरं सोडून साऱ्या हिंदुस्थानच्या उर्दूचा कारभार मराठवाड्यातल्या एका शहरातून चालला. हे आपण अभिमानाने सांगायला हवं.

आता पैशाचं. सुरुवातीला मौलवी साहेबांनी कोणत्याही मोठ्या योजनेची वाट बघितली नाही. नोकरी सांभाळून उरलेला वेळ अंजुमनचा. पगारातून वाचलेला पैसा अंजुमनचा. राहणी साधी. सभासद करणं, वर्गणी गोळा करणं, जुनी हस्तलिखितं शोधत फिरणं, पुस्तकं लिहून घेणं, ती छापून विकणं आणि विक्रीचा पैसा पुढच्या पुस्तकात घालणं, असा हा क्रम होता. पुढे औरंगाबादला अंजुमनचा स्वतःचा छापखाना झाला. त्या जागेचं नावच उर्दू बाग पडलं. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर आजही उर्दू बाग, औरंगाबाद असा पत्ता वाचायला मिळतो.

जानेवारी १९२१ मध्ये ‘उर्दू’ नावाचं त्रैमासिक निघालं. १९२८ मध्ये ‘सायन्स’ नावाचं दुसरं नियतकालिक निघालं. उर्दूत विज्ञान वाचायला मिळावं म्हणून औरंगाबादेतून नियतकालिक निघत होतं, हे आज सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही.

हे काम लोकांच्या नजरेत आल्यावर सरकारी मदतीचे दरवाजे उघडले. हैदराबाद सरकारने अंजुमनला अनुदान दिलं. उर्दूच्या मोठ्या शब्दकोशाचं काम वर्षानुवर्षं चालणारं होतं, म्हणून त्यासाठी वेगळं नियमित अनुदान मंजूर झालं. सर सय्यद यांचे नातू रॉस मसूद तेव्हा हैदराबादचे शिक्षण संचालक होते, आणि पुढे तेच अंजुमनचे अध्यक्ष झाले. ओळखीचा फायदा झाला असणारच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ओळख सगळ्यांचीच असते. मागायला जाताना मौलवी साहेबांच्या हातात छापलेली पुस्तकं होती.

उस्मानिया आणि अनुवादाचा कारखाना

१९१७ मध्ये हैदराबादला उर्दू माध्यमाचं विद्यापीठ काढायचं ठरलं. प्रश्न असा होता की विद्यापीठ निघेल, पण मुलं वाचतील काय? भौतिकशास्त्र, कायदा, वैद्यक, इतिहास यांची पुस्तकं उर्दूत होती कुठे? म्हणून आधी अनुवादाचं खातं, दारुल तर्जुमा, सुरू झालं आणि त्याचे पहिले प्रमुख मौलवी साहेब झाले. एकेका शास्त्रीय संज्ञेसाठी जाणकारांची बैठक बसायची, वाद व्हायचा, शब्द ठरायचा. १९१९ मध्ये उस्मानियाचे वर्ग सुरू झाले.

त्यानंतर ते पुन्हा औरंगाबादला आले. १९२३ मध्ये तिथे इंटरमिजिएट कॉलेज निघालं आणि मौलवी साहेब त्याचे प्राचार्य झाले. तेच आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतले आजोबा-पणजोबा त्या कॉलेजात शिकले. १९३७ मध्ये अंजुमनचा इंग्रजी-उर्दू शब्दकोश प्रसिद्ध झाला. कित्येक विद्वानांनी अनेक वर्षं बसून केलेलं हे काम होतं.

मकबऱ्यातला माळी

मौलवी साहेबांची आठवण सांगताना नामदेव माळ्याला सोडून चालणार नाही. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या आवारात मौलवी साहेब राहत होते आणि तिथल्या बागेची देखरेख त्यांच्याकडे होती. नामदेव त्या बागेतला माळी. ज्या जातीला तेव्हा अस्पृश्य मानलं जायचं, त्या जातीचा. ‘चंद हम-असर’ या पुस्तकात मौलवी साहेबांनी त्यांच्या काळातल्या माणसांची शब्दचित्रं लिहिली. त्यांत सर सय्यद, मोहसिन-उल-मुल्क अशा बड्या लोकांच्या पंगतीत त्यांनी नामदेवलाही बसवलं.

त्यांनी जे पाहिलं ते असं. हा माणूस झाडांशी बोलायचा, एकेका रोपाला आईच्या नजरेने बघायचा. एका वर्षी पाऊस कमी झाला, विहिरी आटल्या, इतरांची झाडं वाळली. नामदेव दिवसरात्र लांबून पाणी वाहून आणत होता आणि त्याचा वाफा हिरवा होता. मौलवी साहेबांनी खुश होऊन बक्षीस देऊ केलं, तर त्याने घेतलं नाही. स्वतःची लेकरं वाढवायचं बक्षीस कशाला, असा त्याचा भाव होता. शेवटी मधमाश्यांचं मोहोळ उठलं तेव्हा बाकीचे माळी पळून लपले, हा कामातच राहिला आणि त्यातच गेला.

मी हा धडा उर्दूच्या वर्गाला शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो की हा माणूस तुमच्या शेजारचा आहे, मराठी बोलणारा आहे. उर्दूचा सर्वांत मोठा मौलवी मराठवाड्यातल्या एका दलित माळ्याकडून काम कसं करावं हे शिकला आणि ते त्याने कबूल करून लिहून ठेवलं. अंजुमनमधलं त्यांचं स्वतःचं वागणं बघितलं तर नामदेवची छाया त्यात दिसते. विहीर आटली म्हणून त्यांनीही काम थांबवलं नाही.

मराठीशी नातं

मराठवाड्यात राहून त्यांनी मराठीकडे पाठ फिरवली नाही. मराठी भाषेवर फारसीचा काय प्रभाव पडला, यावर त्यांनी एक पुस्तकच लिहिलं. या विषयाचा अनुभव आपल्याला रोज येतो, फक्त लक्षात येत नाही. वाचनालयाच्या अनुदानाचा कागद हातात घ्या. अनुदान हा शब्द संस्कृतचा. पण त्यासाठी करायचा तो अर्ज, तो मंजूर होतो, रक्कम जमा होते, खर्च होतो, हिशोब द्यावा लागतो, तारीख टाकावी लागते, दप्तर ठेवावं लागतं. यातले बहुतेक शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. धर्माबादच्या मिरची बाजारात अडत्या ज्या भाषेत हिशोब सांगतो, त्या भाषेत दोन्ही घरं एकत्र नांदतात.

दखनी उर्दूचं जुनं साहित्यही मौलवी साहेबांनी शोधून काढलं. मुल्ला वजही याचा सतराव्या शतकातला गद्यग्रंथ ‘सबरस’ त्यांनी संपादित करून छापला. आपल्या घरात बोलली जाणारी दखनी ही अशुद्ध बोली आहे, असं उत्तरेकडचे लोक समजायचे. तिला साडेतीनशे-चारशे वर्षांचं साहित्य आहे, हे दाखवून देण्यात या उत्तरेकडच्या माणसाचा मोठा वाटा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी

इथे एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. ज्या राज्याने उर्दूसाठी एवढं केलं, त्या राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे होते. आपल्या शेजारच्या मराठी मुलाला कॉलेजात जायचं तर उर्दूतूनच जावं लागे. त्याच्या भाषेसाठी दारुल तर्जुमा नव्हता. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मौलवी साहेब उर्दूसाठी मागत होते. तोच हक्क मराठी मुलाचाही होता. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यामागच्या लढ्यात भाषेचं हे दुखणंही होतं.

त्याच वेळी हेही खरं, की त्याच सरकारने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९३० च्या दशकात वर्षाला १००० रुपयांप्रमाणे मदत दिली. त्या संस्थेतलं निजाम गेस्ट हाऊस आजही त्याची साक्ष देतं. इतिहास असाच असतो, एका रंगाचा नसतो. आपल्या मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एकच सांगितली तर ती अर्धी गोष्ट होते.

नागपूर, दिल्ली आणि जळालेली वर्षं

एप्रिल १९३६ मध्ये नागपूरला भारतीय साहित्य परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. देशाची सामायिक भाषा कोणत्या नावाने ओळखायची, यावर तिथे मौलवी साहेबांचा आणि गांधीजींचा मतभेद झाला. हिंदुस्तानी एवढंच नाव असावं, असा मौलवी साहेबांचा आग्रह होता. पुढच्या वर्षी राजेंद्र प्रसाद यांच्याशी बोलून त्यांनी हिंदुस्तानीवर समझोताही करून पाहिला. पण भाषेचा वाद आता राजकारणाचा झाला होता.

१९३८ च्या सुमारास अंजुमनचं दप्तर औरंगाबादहून दिल्लीला, दर्यागंजला गेलं. रॉस मसूद यांच्यानंतर अध्यक्षपदी सर तेजबहादूर सप्रू आले. हे काश्मिरी पंडित आणि उर्दूचे आशिक. अंजुमनच्या शाखा देशभर पसरल्या.

मग १९४७ आलं. दिल्लीच्या दंगलीत अंजुमनचं कार्यालय लुटलं गेलं. औरंगाबादपासून जमवत आणलेली पुस्तकं, कागदपत्रं, शब्दकोशाचं साहित्य यांतलं बरंच गेलं. तेव्हा मौलवी साहेब सत्तरी ओलांडून गेलेले होते. ग्रंथालय ही किती नाजूक चीज आहे, हे त्यांच्याइतकं कुणी भोगलं नसेल. जमवायला पस्तीस वर्षं लागली आणि जायला थोडे दिवस पुरले.

ते कराचीला निघून गेले. त्या निर्णयाबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत आणि असू द्यावीत. इकडे भारतात अंजुमन बंद पडली नाही. काझी अब्दुल गफ्फार यांनी ती अलीगढमधून पुन्हा उभी केली, डॉ. झाकिर हुसैन अध्यक्ष झाले. उर्दू इथल्या मातीची आहे आणि इथेच राहील, हे या लोकांनी कामातून दाखवलं. अंजुमन तरक्की-ए-उर्दू (हिंद) आजही दिल्लीत सुरू आहे.

तिकडे कराचीत मौलवी साहेबांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली. उर्दू कॉलेज काढलं. १९५८ मध्ये उर्दूच्या मोठ्या शब्दकोशासाठी मंडळ स्थापन झालं आणि जवळपास नव्वदीच्या वयात ते त्याचे मुख्य संपादक झाले. तीन वर्षांनी ते गेले. शब्दकोशाचा पहिला खंड १९७७ मध्ये निघाला आणि शेवटचा, २२ वा खंड २०१० मध्ये. ज्या कामासाठी हैदराबाद सरकारने मदत दिली होती, त्याच जातीचं काम पुरं व्हायला त्यांच्यामागे आणखी ४९ वर्षं लागली. अल्लाह त्यांना मगफिरत नसीब करो.

आपण काय घ्यायचं?

त्या मुलांना मी दुसऱ्यांदा बोलावलं आणि मौलवी साहेबांची ही गोष्ट सांगितली. मग कागद-पेन घेऊन बसलो.

आज मदतीच्या वाटा त्या काळापेक्षा जास्त आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याखाली शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात आणि दर्जानुसार अनुदान असतं. त्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी लागते. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना पुस्तकं आणि इतर मदत देतं. उर्दू पुस्तकांसाठी दिल्लीची राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद आहे. योजनांचे नियम बदलत असतात, काही योजना बंदही होतात, म्हणून त्या-त्या वर्षीची माहिती कार्यालयातून स्वतः घ्यावी. कुणा एजंटाला पैसे देऊ नयेत.

पण कोणत्याही दाराशी गेलात तरी साधारण हेच विचारलं जातं : संस्था नोंदलेली आहे का? कार्यकारिणीच्या बैठका आणि ठराव लिहिलेले आहेत का? पुस्तकांची दाखल नोंदवही आहे का? सभासद किती, रोज येतात किती? जमाखर्च तपासून घेतला आहे का? यातल्या एकाही गोष्टीला सुरुवात करायला आधी ग्रँट लागत नाही. एक वही आणि रोज संध्याकाळी दोन तास बसणारा माणूस लागतो.

माझ्या लहानपणी आमच्या भागात एक छोटं वाचनालय होतं. पुस्तकं लोकांनी दिलेली, वर्तमानपत्रं दोन. थोडी मदतही मिळाली होती. पण पावतीपुस्तक एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, हिशोब कुणाकडेच नाही. मदत थांबली आणि वर्षभरात कुलूप लागलं. कपाटातल्या पुस्तकांना वाळवी लागली तेव्हा मी सातवीत होतो. त्यातलं एक फाटकं पुस्तक मी उचलून घरी आणलं होतं, ते अजून माझ्याकडे आहे. तेवढ्यावरच मी मास्तर झालो असं म्हणणार नाही, पण वाचायची गोडी तिथून लागली.

मुलांनी आता एक खोली बघितली आहे. एका वडीलधाऱ्यांनी ती वापरायला दिली. घराघरातून पुस्तकं मागायला सुरुवात झाली आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही. मुलींसाठी दुपारची वेळ वेगळी ठेवायची असं ठरलं आहे. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा खोलीत एक पत्र्याची जुनी पेटी होती आणि तिच्यावर एक कोरं रजिस्टर. पहिल्या पानावर अनुक्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, देणाऱ्याचं नाव असे रकाने पट्टीने आखलेले होते. सतरा पुस्तकांची नोंद झाली होती. मी घरून नेलेलं ते फाटकं पुस्तक अठरावं म्हणून लिहून घेतलं.

अर्ज अजून केलेला नाही. आधी वर्षभर रोज खोली उघडायची, मग अर्ज करायचा, असं मुलांनीच ठरवलं आहे. आपल्या घरात वाचून झालेली पुस्तकं पडून असतील, तर तुमच्या गावातही अशी एक पेटी ठेवून बघा.